‘मी रात टाकली’ हें गीत कोणाचें ?

आपल्या भागांतील स्नेहसंमेलनांत ‘मी रात टाकली’ या गीतावर नृत्य झालें नाहीं, असें वर्ष विरळाच. निवेदक त्याची ओळख बहुधा ‘आदिवासी लोकगीत’ अशी करून देतो. ही ओळख चुकीची आहे आणि ती तशीच चालूं देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें गीत १९७७ सालच्या ‘जैत रे जैत’ या चित्रपटांतील. मूळ कथा गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीची. तिच्यांतील ठाकर मोहोपाड्याहून जवळच असलेल्या कर्नाळ्याच्या परिसरांतले. त्यामुळें गीतही येथल्याच मातींत आपोआप उगवलें, असा समज होणें स्वाभाविक आहे. वस्तुतः तें रचणारे कवि ना. धों. महानोर हे अजिंठ्याच्या डोंगराकडील पळसखेडचे शेतकरी. चाल लावणारे हृदयनाथ मंगेशकर हे उस्ताद अमीर खाँ यांचे शिष्य. आणि मुख्य स्वर लता मंगेशकर यांचा. यांपैकीं ठाकर कोणीच नव्हे.

परक्यांनीं रचिलें म्हणून तें खोटें ठरतें काय ? मुळींच नाहीं. चित्रपटाची नायिका चिंधी ही नावडत्या नवऱ्यास सोडून आलेली मानी स्त्री. सापानें जुनी कात टाकावी तसें ती आपलें मागील आयुष्य टाकून देते. ही उपमा रानांत वावरणाऱ्यासच सुचावी, आणि महानोरांचें आयुष्य शेतांतच गेलें. चालींतही दरबारी नक्षी कोठें दिसत नाहीं. ठेका ठसकेबाज आणि त्यावर मोकळा सोडलेला स्वर. (स्मिता पाटील यांचा पडद्यावरील आवेश आम्हीं येथें हिशेबांत धरिलेला नाहीं, तो धरिला तर लेख संपावयाचा नाहीं.)

अमेरिकेंतही असेंच घडलें. जॉन डेन्व्हर यांनीं १९७१ सालीं गाजविलेलें ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ हें गीत वेस्ट व्हर्जिनिया राज्याची ओढ गातें; परंतु बिल डॅनॉफ व टॅफी निव्हर्ट या मूळ रचनाकारांस तें सुचलें मेरीलँडमधील एका रस्त्यानें जातांना. तरीही २०१४ सालीं वेस्ट व्हर्जिनियानें तें आपल्या अधिकृत राज्यगीतांत घेतलें. फरक मात्र ध्यानांत घ्यावा : तेथें स्वीकार त्या राज्यानें स्वतः केला. आपल्याकडे ठाकरांस कोणीं विचारलें ?

खालापूर-कर्जतच्या ठाकरवाड्यांतील मुलें आपल्याच वर्गांत, आपल्याच बाकावर बसतात. त्यांच्या देखत डोक्यास पिसें व कमरेस पानें बांधून ‘ठाकर’ नाचवावयाचे, आणि त्यांच्या आज्या लग्नांत व सणावारीं जीं गाणीं म्हणतात त्यांस मात्र व्यासपीठावर जागा नसावी, हें आम्हांस बोचतें. महानोर २०२३ सालीं निवर्तले. त्यांचे शब्द छापलेले आहेत, स्वर ध्वनिमुद्रिकेंत आहेत. वाडीवरील म्हातारी गेली तर तिच्याबरोबर तिचें गाणेंही जाईल.

पुढील संमेलनांत हें गीत अवश्य व्हावें. कवीचें, संगीतकाराचें व चित्रपटाचें नांव आधीं सांगावें. पिसें नकोत, पानेंही नकोत. आणि त्याच सायंकाळीं एखाद्या विद्यार्थ्याच्या आजीस वाडीवरून सन्मानानें बोलावून आणावें, पालकांसमवेत पुढील रांगेंत बसवावें, व तिला जें गावेंसें वाटेल तें गाऊं द्यावें. तें लांबलें तरी कोणीं घंटा वाजवूं नये.