सोपी वाट

पर्वताचे नाव निघाले, की मनुष्याला प्रथम शिखर आठवते. उंच शिखर सर करणाऱ्याचे कौतुक होते, त्याचे नाव वर्तमानपत्रांत झळकते आणि ते योग्यच आहे. परंतु डोंगराच्या पायथ्याशी, झाडीतून आणि सरोवराच्या काठाने जी साधी, सपाट वाट जाते, तिचे कौतुक करावयास सहसा कोणी थांबत नाही. ‘सोपी वाट’ असे म्हणताना लोकांच्या स्वरात थोडी उपेक्षाच असते. ही उपेक्षा अन्यायाची आहे. शिखर निसर्गाने दिलेले असते. सोपी वाट मात्र माणसांनी मिळवावी लागते व राखावी लागते. त्यासाठी किती सायास पडतात, हे स्कॉटलंड देशाच्या उदाहरणावरून चांगले कळते.

स्कॉटलंड हा ग्रेट ब्रिटनच्या उत्तरेकडील डोंगराळ देश. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड नद्यांनी येथील दऱ्या खोल कोरून काढल्या. सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी हिमयुगाची अखेरची थंडी ओसरली, बर्फ वितळले आणि अनेक दऱ्यांत पाणी साठून लांबट सरोवरे तयार झाली. अशा सरोवराला तेथे ‘लॉख’ म्हणतात. समुद्राचे जे फाटे खाडीप्रमाणे जमिनीत शिरले आहेत, त्यांनाही हेच नाव आहे. लॉख लोमंड या सरोवराचा विस्तार सुमारे ७१ चौरस किलोमीटर आहे. तर लॉख नेस इतके खोल आहे, की इंग्लंड आणि वेल्समधील सर्व सरोवरांचे पाणी एकत्र केले तरी ते त्याच्यापेक्षा कमीच भरेल. याच देशात बेन नेव्हिस हे १३४५ मीटर उंचीचे, सबंध ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर आहे. साहसी लोक तिकडे धाव घेतात. पण ज्याला शिखर झेपत नाही, त्यालाही हा देश विन्मुख पाठवीत नाही.

रॉथीमर्कसच्या अरण्यात लॉख अन एलन नावाचे एक लहानसे सरोवर आहे. या नावाचा अर्थ ‘बेटाचे सरोवर’ असा होतो. त्यातील चिमुकल्या बेटावर एका जुन्या किल्ल्याचे अवशेष उभे आहेत, आणि सभोवती पाइनचे प्राचीन वृक्ष आहेत. सरोवराभोवती सुमारे पाच किलोमीटरची वाट फिरते. तीत चढ फारसा नाही. लॉख लेव्हनच्या काठाने तर सुमारे २१ किलोमीटरची रुंद, बांधीव पायवाट पूर्ण वळसा घालून येते. या सरोवरातील बेटावरच्या किल्ल्यात स्कॉटलंडची राणी मेरी १५६७ साली कैदेत पडली होती आणि पुढील वर्षी नावेतून निसटली होती. आज त्याच पाण्याकडे पाहत चाकांच्या खुर्चीत बसलेला मनुष्यही काठाकाठाने जाऊ शकतो. लॉख कॅट्रिन हे सरोवर १८५९ सालापासून ग्लासगो शहराची तहान भागवीत आहे. त्याच्या उत्तर काठचा रस्ता पायी चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना आनंद देतो.

या वाटांवर कोण चालतो, याचा विचार केला म्हणजे त्यांचे मोल ध्यानी येते. शिखरावर धट्टेकट्टे लोक पोचतात. सरोवराच्या काठी आजीचा हात धरून नातू येतो, आजारातून उठलेला मनुष्य येतो, काठी टेकीत वृद्ध येतो. पाण्यावर उतरणारे धुके, ओल्या पाइनचा वास आणि दूरवर घुमणारी पक्ष्याची हाक यांचा लाभ दणकट पायांच्या माणसालाच व्हावा, असा निसर्गाचा काही नियम नाही. ज्या देशात दुबळ्यालाही अरण्यापर्यंत पोचता येते, त्या देशाने आपली संपत्ती खऱ्या अर्थाने वाटून घेतली, असे म्हटले पाहिजे.

परंतु ही वाटणी सुखासुखी झाली नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील डोंगरच्या डोंगर थोड्याशा धनिकांच्या मालकीचे होते. हरणांच्या शिकारीसाठी ते राखून ठेवले जात, आणि पिढ्यान् पिढ्या वहिवाटीत असलेल्या वाटा बंद केल्या जात. त्यांच्या रक्षणासाठी १८४५ साली एडिंबरो येथे एक संस्था स्थापन झाली. ग्लेन डॉल नावाच्या दरीतून ब्रेमार गावाकडे जाणारी एक जुनी वाट आहे; तिला ‘जॉक्स रोड’ म्हणतात. जमिनीच्या मालकाने ती अडविली, तेव्हा ही संस्था न्यायालयात गेली. वाट सर्वांची आहे याला पुरावा कोणता? कागद नव्हता, शिलालेख नव्हता. तेव्हा मेंढपाळ आणि गुरे हाकणारे लोक साक्षीला उभे राहिले. ‘या वाटेने आम्ही कळप नेले आहेत,’ असे त्यांनी सांगितले. वाद ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८८८ साली निकाल वाटेच्या बाजूने लागला. खटल्याच्या खर्चाने दोन्ही पक्ष मेटाकुटीस आले. पण वाट खुली राहिली. ही वाट स्वतः मोठी बिकट आहे, तेथे वादळात प्राणही गेले आहेत. तथापि पावलांनी पडलेली वाट कुंपणाने पुसता येत नाही, हे तत्त्व तिने प्रस्थापित केले, आणि पुढे सोप्या वाटांनाही त्याचा आधार मिळाला.

त्याच सुमारास, १८८४ साली, जेम्स ब्राइस या पार्लमेंटच्या सभासदाने स्कॉटलंडचे डोंगर सर्वांना खुले करावेत असे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. पुढे स्कॉटलंडच्या पार्लमेंटने २००३ साली कायदा केला, तेव्हा कुठे बहुतेक सर्व जमिनीवर आणि सरोवरांवर जबाबदारीने संचार करण्याचा हक्क लोकांना मिळाला. मधल्या काळात ११९ वर्षे लोटली होती! घराचे अंगण, उभ्या पिकाचे शेत अशी स्थळे या हक्कातून वगळली आहेत. मोटारीने हिंडण्याची मुभाही त्यात नाही. आपापल्या प्रदेशात मुख्य पायवाटांचे जाळे आखण्याचे काम याच कायद्याने स्थानिक संस्थांवर सोपविले. सोपी वाट ही अशी लोकांच्या चिकाटीची कमाई आहे.

कायद्यातील ‘जबाबदारीने’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. इतरांच्या हिताचा मान राखावा, निसर्गाची काळजी घ्यावी आणि आपल्या वर्तनाचा भार आपणच उचलावा, अशी तीन तत्त्वे तेथे चालणाऱ्यांसाठी घालून दिली आहेत. ती न पाळल्यास काय होते, हेही त्या देशाने पाहिले आहे. लॉख लोमंडच्या परिसरात तंबू ठोकणाऱ्या काही लोकांनी झाडे तोडली, जाळ पेटविले आणि कचरा तसाच टाकला. परिणामी २०१७ सालापासून तेथील कित्येक काठांवर उन्हाळ्याच्या मोसमात परवान्यावाचून मुक्काम करण्यास मनाई झाली. थोड्यांच्या बेफिकिरीने सर्वांच्या मोकळेपणाला कुंपण पडले.

येथेच काही विचारी लोक आक्षेप घेतात. वाट सोपी केली की गर्दी होते, गर्दीने पाखरे उडून जातात आणि अरण्याची शांतता नाहीशी होते. म्हणून वाटा अवघडच राहू द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु वाट नसली म्हणून लोक यावयाचे थांबत नाहीत. स्कॉटलंडच्या डोंगरांवर पीट नावाची काळी, चिबड माती असते. तेथे बांधीव वाट नसली, तर चिखल चुकवीत प्रत्येक जण थोडा बाजूने चालतो. मग गवत तुडवले जाते, चिखल पसरतो आणि डोंगराच्या अंगावर रुंद जखम पडते. दगड बसविलेली, पाण्याला निचरा दिलेली वाट पावलांना एका ओळीत ठेवते आणि बाकीचे रान वाचविते.

पाखरांच्या बाबतीतही अनुभव असाच आहे. ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी हिवाळ्यात महाराष्ट्रातील जलाशयांवरही दिसतो. स्कॉटलंडमध्ये शिकारी आणि अंडी चोरणारे यांच्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची घरटी दिसेनाशी झाली. त्या काळी तर डोंगरांवर मालकांचा कडेकोट पहारा होता; तरी पक्षी वाचला नाही. पुढे १९५४ साली स्पे नदीच्या खोऱ्यात, लॉख गार्टनच्या काठी, ऑस्प्रेच्या एका जोडीने पुन्हा घरटे बांधले. पक्षिमित्रांनी त्यावर पहारा ठेवला आणि १९५९ सालापासून ते घरटे लोकांना दुरून, आडोशातून पाहू दिले. हजारो माणसे आली, त्यांनी पाहिले आणि पक्ष्याला त्याच्या जागी राहू दिले. लोकांना दूर लोटण्यापेक्षा त्यांना योग्य वाटेने जवळ आणणे अधिक हिताचे ठरले.

शिखरे थोड्यांनीच चढावीत, त्यात कमीपणा नाही. पण प्रत्येक डोंगराच्या पायथ्याशी एक तरी वाट अशी असावी, की जिच्यावर लहान मूल आणि त्याची आजी बरोबरीने चालू शकतील. तेथील चालणाऱ्यांसाठी एक साधा नियम आहे: कुरणाचे फाटक जसे दिसले तसेच ठेवावे, ते लावलेले असेल, तर आत गेल्यावर पुन्हा लावून घ्यावे. त्याला क्षणभराचाच वेळ लागतो. पण तेवढ्याने मेंढपाळाची मेंढरे सुरक्षित राहतात, आणि मागून येणाऱ्या वाटसरूचे स्वागत करावयास तो नाखूश होत नाही.