मौनाची नोकरी

घरांत सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले कोणी वडील असले, म्हणजे सायंकाळच्या चहाबरोबर जुन्या साहेबांच्या व हुद्द्यांच्या गोष्टी ठरलेल्याच. आयुष्य वेंचून जें केलें, तें घरच्या चार माणसांनीं ऐकावें ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु कांहीं नोकऱ्या अशा असतात कीं, तेथें उत्तम काम केल्याची गोष्ट स्वतःच्या ओसरीवरहि सांगतां येत नाहीं. या दृष्टीनें रामेश्वरनाथ काव यांचें चरित्र मनन करण्यासारखें आहे.

काव यांचा जन्म १९१८ सालीं काशी येथें एका काश्मिरी पंडित कुटुंबांत झाला. अलाहाबाद विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मयाची एम्. ए. पदवी घेऊन ते पोलीस खात्यांत शिरले व स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्रीय गुप्तवार्ता विभागांत आले. ११ एप्रिल १९५५ रोजीं बांडुंग परिषदेसाठीं चिनी मंडळींना घेऊन निघालेलें ‘काश्मीर प्रिन्सेस’ हें आपलें विमान बॉम्बस्फोटानें समुद्रांत कोसळलें व सोळा जीव गेले. त्या घातपाताच्या तपासावर काव यांना पाठविण्यांत आलें होतें.

१९६२ व १९६५ च्या युद्धांनीं परदेशांतील वार्ता मिळविण्यांतील आपली उणीव उघडी पाडली. म्हणून सप्टेंबर १९६८ मध्यें ‘रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस विंग’ ही स्वतंत्र शाखा निघाली व काव तिचे पहिले प्रमुख झाले. प्रारंभीं तेथें सुमारें अडीचशें माणसें होतीं. तीनच वर्षांनीं बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामांत या शाखेचा मोठा हातभार लागला. जयघोष मात्र सेनेचा झाला. आणि तेंच योग्य होतें.

पुढें १९७७ सालीं राज्य पालटलें. आणीबाणींत या शाखेचा दुरुपयोग झाला असा नव्या सत्ताधाऱ्यांचा संशय होता. काव पदावरून दूर झाले. १९८१ मध्यें ते इंदिरा गांधींचे सल्लागार म्हणून परत आले. परंतु ३१ ऑक्टोबर १९८४ रोजीं त्या स्वतःच्याच रक्षकांच्या गोळ्यांनीं पडल्या. सुरक्षिततेचा सल्ला देणाऱ्याच्या मनाला यापरतें शल्य तें कोणतें? तरीहि निवृत्तींत त्यांनीं ना यशाचा डांगोरा पिटला, ना अपयशाचें समर्थन मांडलें. शिल्पकलेंत ते रमले. जानेवारी २००२ मध्यें त्यांचें निधन झालें. मागें ठेवलेल्या ध्वनिमुद्रित आठवणीहि आपल्या मृत्यूपूर्वीं खुल्या होऊं नयेत, अशी त्यांची अट होती.

व्यक्तीचें असें मौन हें भूषण होय. पण संस्थेचेंहि तसेंच मानावें काय? गूढपुरुषांचें शास्त्र रचणाऱ्या कौटिल्यानें त्यांच्यावर आंधळा विश्वास टाकलेला नाहीं. एकमेकांस न ओळखणाऱ्या तिघांची वार्ता जुळली तरच ती खरी धरावी, व वारंवार चुकणारास गुपचूप दंड करावा किंवा दूर करावें, असें तो सांगतो. आपली ही शाखा मात्र संसदेच्या कायद्यानें नव्हे, सरकारी आदेशानें जन्मली. तिचा हिशेब लोकप्रतिनिधींपुढें कोणत्या वाटेनें यावा, हें कायद्यानें अद्यापि ठरविलेलें नाहीं. सुज्ञ वाचकांनीं याचा विचार करावा. सेवकानें तोंड मिटलें तर तो व्रतस्थ ठरतो. परंतु धन्यानें डोळे मिटले तर त्याला व्रत म्हणत नाहींत.