नको, नकोस, नका, नये

मैत्रिणींनो, सकाळी दूध तापवण्यापासून रात्री गॅस बंद करेपर्यंत आपल्या तोंडून सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द निघत असेल? माझ्या मते 'नको'! 'पळू नकोस', 'सांडू नकोस', 'उशीर करू नका'. या शब्दाची घडण आज जरा पाहू या.

आज्ञा करताना आपण म्हणतो बोल, बोला. मनाई करायची झाली की धातूला 'ऊ' लागतो आणि पुढे 'नको' येते: बोलू नकोस, बोलू नका. 'जा'चे जाऊ, 'दे'चे देऊ, नियम तोच. मान ठेवायचा असला की 'आपण त्रास घेऊ नये'. बागेतल्या पाटीवरही हेच: 'फुले तोडू नयेत'. फुले अनेक, म्हणून 'नयेत'. मुलांचे हमखास चुकते ते इथेच. आमच्या मोडनिंबच्या बाजारात 'जाऊ नगं' ऐकू येते, दखनी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचेच 'नक्को' होते. त्याला हसू नये, नियम त्यांनीही पाळलेला असतो.

स्पॅनिश भाषेत गंमत वेगळीच. तिथे नकाराचा 'नो' आधी येतो आणि क्रियापदाचा स्वरही बदलतो. 'आब्ला' म्हणजे बोल, 'नो आब्लेस' म्हणजे बोलू नकोस. 'कोमे' म्हणजे खा, 'नो कोमास' म्हणजे खाऊ नकोस. 'आ'चा 'ए' आणि 'ए'चा 'आ'!

मराठीत मात्र नकार शेवटी. 'तव्याला हात लावू नकोस' म्हटले की मुलाच्या कानावर आधी 'तव्याला हात लावू' पडते, 'नकोस' मागून येते. म्हणून धोक्याच्या वेळी आधी 'थांब!' म्हणावे, कारण नंतर सांगावे. एरवीही 'सांडू नकोस' म्हणण्यापेक्षा 'पेला दोन्ही हातांनी धर' म्हटलेले बरे. नेमके काय करायचे ते पोराला कळते.

आणखी एक. 'भात नको', 'चहा नको' असे आपण सहज म्हणतो, पण हाच शब्द माणसालाही लावला जातो. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून कित्येकींची नावे 'नकुसा', 'नकोशी' अशी ठेवली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्याआधी शाळेच्या हजेरीत रोज तोच शब्द ऐकून 'हजर' म्हणताना त्या लेकरांना काय वाटत असेल?

तसे नाव आपण ठेवत नाही, हे खरे. पण 'दुसरीही मुलगीच, ही नकोच होती गं' हे वाक्य बारशाला, हळदीकुंकवाला अजून कानी पडते, आणि ती पोर तिथेच खेळत असते. मैत्रिणींनो, असे बोलू नका. आणि घरातले वडीलधारे कोणी बोललेच, तर 'मुलीसमोर असं बोलू नये' हे त्यांचा मान राखून सांगता येते. 'नये' त्यासाठीच तर आहे.