नळाचे पाणी आणि नदीची वलगण

विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगरावर आमच्या गटाच्या बैठका पाण्याच्या वेळा पाहून ठरतात. नळ आला की बैठक उठते. अशीच उठता उठता एकीने विचारले, "ताई, आपलं पाणी अडवतात तरी कुठे?" पाण्यासाठी मोर्चे काढणाऱ्या आम्हाला याचे धड उत्तर देता येईना!

मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी भातसा धरणाचे. शहापूर तालुक्यातल्या धरणातून सोडलेले हे पाणी नदीच्या पात्रातूनच खाली येते आणि भिवंडी तालुक्यात पिसे येथे बंधारा घालून उपसले जाते. मार्च 2024 मध्ये या बंधाऱ्याची फाटके उभी धरणारा एक रबरी फुगा गळू लागला आणि मुंबईत पाणीकपात झाली. तेव्हा बोलणे झाले ते शहराच्या पाण्याचे. नदीचे नाही.

बंधाऱ्याच्या वर पाणी तुंबते, गाळ बसतो. वाहत्या पाण्यात, दगडगोट्यांत अंडी घालणाऱ्या माशांची जागाच जाते. खाली पात्र रोडावते. पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ती वलगण. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची तर पिल्ले खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतात आणि मग नदीत चढतात. मध्ये भिंत आली की वाट संपली. वलगण येते जूनमध्ये, आणि नेमका तेव्हाच मुंबईच्या तलावांचा साठा तळाला गेलेला असतो. अशा वेळी माशांसाठी पाणी सोडा म्हणणार कोण?

ठाणे जिल्ह्यातल्या कातकरी बाया जुने लुगडे धरूनही मासे पकडतात. हातात मजुरी नसते त्या दिवसांत घरात कालवण होते ते यावरच. पण बाजारात न गेलेल्या माशांची नोंद कुठल्या कागदावर होते? बाईच्या घरकामासारखेच हे.

म्हणून आपण पाणी मागायचे नाही का? मागायचेच. गळतीत आणि चोरीत जाणारे पाणी मोजायला भाग पाडले, तर डोंगरावरच्या बाईला कातकरी बाईच्या तोंडचे घ्यावे लागणार नाही. वॉर्ड ऑफिसला द्यायच्या पुढच्या निवेदनात आम्ही दोन ओळी वाढवल्या आहेत: बंधाऱ्याला माशांसाठी पायऱ्यांची वाट करा, आणि वलगणीच्या दिवसांत खाली पाणी सोडा. साहेब म्हणतील, हे आमच्या वॉर्डात येत नाही. तर येते तिथला पत्ता आम्ही त्यांच्याकडूनच लिहून घेणार आहोत.