टिनावरचे दगड आणि गावचा भोंगा

फाल्गुन-चैत्रात वाशीम जिल्ह्याची वर्षभराची कमाई उघड्यावर पडलेली असते. हरभरा सोंगून वावरात पडलेला, गहू हार्वेस्टरची वाट पाहत उभा, रिसोड-वाशीमकडे शिजवलेली हळद ताडपत्रीवर वाळत घातलेली, कांदा बियाण्याच्या प्लॉटमध्ये डेंगळे फुलांनी जड झालेले, आणि मंगरूळपीर-कारंजाकडे संत्र्याचा आंबिया बहार नुकताच धरलेला. सोयाबीनचा हिशोब दिवाळीतच संपलेला असतो. या दिवसांत जे काही हाती यायचं असतं, ते सगळं आभाळाखाली असतं. आणि नेमक्या याच दिवसांत, दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळं-निळं होत येतं.

हे आता नवीन राहिलेलं नाही. तरीही दरवर्षी आपण ते नवीन असल्यासारखं वागतो, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे. पावसाळ्याआधी नालेसफाई होते, मान्सूनपूर्व आढावा बैठक होते, पुराच्या गावांची यादी निघते. गारपीट आणि वादळी वाऱ्याचा हंगाम मात्र त्या बैठकीच्या आधीच येऊन निघून जातो. फेब्रुवारी ते मे हाही एक आपत्तीचा हंगाम आहे, हे आपल्या कॅलेंडरात अजून लिहिलेलंच नाही.

कारण समजून घ्यायला अवघड नाही. उन्हानं जमीन तापते. बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून ओलसर हवा विदर्भात शिरते. वर, उंचावर, उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणाऱ्या हवेच्या प्रणालींमुळे, म्हणजे पश्चिमी विक्षोभांमुळे, थंड कोरडी हवा सरकत असते. खाली गरम-ओलं आणि वर थंड-कोरडं अशी स्थिती झाली की ढग उभा वाढू लागतो, बघता बघता दहा-बारा किलोमीटर उंच जातो. त्याच्या पोटातला वर जाणारा वारा पाण्याचे थेंब गोठणाऱ्या थरात पुन्हा पुन्हा फेकतो, थरावर थर चढतो, आणि वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. त्याच ढगातून थंड हवेचा लोट जमिनीवर आदळून चारी दिशांना पसरतो. आपल्याकडे टिनं उडवतो तो हा वारा. तो दहा-पंधरा मिनिटं टिकतो, पण तेवढ्यात सगळं उरकतो.

अमेरिकेच्या मैदानी राज्यांत याच मोसमात चक्रीवावटळी येतात, ज्यांना ते टोर्नेडो म्हणतात. आपल्याकडे त्या फार विरळ. पण भारतात होतच नाहीत असं नाही. २४ मार्च २०२३ रोजी पंजाबच्या फाजिल्का जिल्ह्यात बकैनवाला गावात अशी वावटळ शिरली, घरं पाडली आणि किन्नूच्या बागा उपटल्या. वाशीमला बहुतेक वेळा मारतो तो सरळ रेषेत येणारा वारा. मरणाऱ्याला मात्र वारा गोल होता की सरळ, यानं काही फरक पडत नाही.

आपल्या शेजारचं पारस आठवा. ९ एप्रिल २०२३, रविवार. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्यातल्या या गावी बाबूजी महाराज संस्थानात लोक जमले होते. संध्याकाळी वादळी पाऊस आला, म्हणून माणसं आडोशाला टिनाच्या शेडखाली गेली. शेजारचं जुनं, मोठं कडुनिंबाचं झाड त्या शेडवर कोसळलं. सात माणसं गेली, कित्येक जखमी झाली. तिथं कुणी बेपर्वाईनं वागलं नव्हतं. पाऊस आला की शेडखाली जायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. ते शिक्षणच आता बदलावं लागणार आहे. चार भिंती आणि पक्कं छत असेल तर तो आडोसा. चार खांब आणि टिन असेल तर तो आडोसा नव्हे, आणि बाजूला मोठं झाड असेल तर मुळीच नव्हे.

ही गोष्ट पोहरादेवीच्या संदर्भात मला जास्त जाणवते. रामनवमीला मानोरा तालुक्यातल्या या गावी देशभरातून बंजारा समाज येतो. लाखोंची गर्दी, कापडी मंडप, टिनाच्या राहुट्या, रस्त्याच्या दुतर्फा दुकानं, झाडाखाली उतरलेली कुटुंबं. रामनवमी मार्चअखेर ते एप्रिलमध्ये पडते, म्हणजे ऐन वादळाच्या मोसमात. यात्रेत पिण्याच्या पाण्याचं, आरोग्याचं, बंदोबस्ताचं नियोजन होतं. त्यात आणखी एक ओळ हवी: आभाळ आलं तर ही माणसं कोणत्या पक्क्या इमारतींत जातील, आणि त्यांना ते सांगणार कोण? लग्नाच्या मंडपांनाही हेच लागू आहे. मंडपवाल्याला जेवणाच्या पंगतीबद्दल आपण दहा प्रश्न विचारतो. खांब किती खोल गाडलेत, हे एकदा तरी विचारून बघा.

आता टिनांकडे येतो. गावातल्या कुठल्याही गल्लीत मान वर करून चाला. पत्र्यांवर दगड ठेवलेले दिसतील. पत्रा उडू नये म्हणून दगड ठेवायचा, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मालेगाव तालुक्यातल्या एका घरी मी मुद्दाम वर चढून पाहिलं. पत्र्याच्या कडेला चांगले जड दगड होते आणि बरोबर त्यांच्या खाली, आत, बाळाची झोळी टांगलेली होती. पत्रा बल्लीला एकाच ठिकाणी तारेनं बांधलेला, तीही गंजलेली. वारा आधी पत्र्याची बाहेर आलेली कड उचलतो. कड उचलली की दगड घसरतो आणि आत पडतो, मग हलका झालेला पत्रा उडून शेजाऱ्याच्या अंगणात जातो. म्हणजे घराच्या राखणीला ठेवलेला दगड घरातल्या माणसाच्याच डोक्यावर. घरच्या बाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘मंग काय करावं भाऊ, टिन तं उडतेच.’

करायचं ते असं. पत्रा आकड्याच्या नट-बोल्टनं, खाली रबरी वायसर घालून बल्लीला पक्का बसवायचा. सगळ्या पत्र्याला जमत नसेल तर निदान कडेच्या आणि कोपऱ्यांच्या ओळींना तरी, कारण उडायला सुरुवात तिथूनच होते. भिंतीबाहेर आलेला पत्रा हातभरापेक्षा जास्त ठेवायचा नाही. बल्लीही भिंतीला लोखंडी पट्टीनं बांधलेली हवी, नाहीतर पत्रा बल्लीसकट उडतो. आणि हे झालं की दगड खाली उतरवायचे. खर्च होतो हे मान्य. पण एका वादळानंतर नव्या पत्र्यांना जो लागतो, त्याच्या मानानं तो थोडका आहे. घरकुल योजनेत गावोगावी पक्की घरं झाली, तरी गोठे आणि शेतातले मांडव टिनाचेच आहेत. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीनं आकड्या-वायसरची एकत्र खरेदी करून दिली तर मला ते पेव्हर ब्लॉकपेक्षा मोठं काम वाटेल.

विजेचं वेगळं सांगायला हवं, कारण गारेपेक्षा माणसं विजेनं जास्त मरतात. आवाज एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद घेतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद पुरे झाले नाहीत, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुमच्यावर येऊ शकते. तेव्हा हातातलं खुरपं, इळा टाकून पक्क्या घरात जायचं, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पत्र्याचं छत आणि बंद काचा असलेल्या जीपमध्ये बसलं तरी चालतं, उघड्या ट्रॅक्टरवर नाही. झाडाखाली बांधलेली ढोरं एकाच वेळी का मरतात? वीज झाडातून जमिनीत उतरते आणि चार पायांमधल्या अंतरामुळे त्यांच्या अंगातून जाते. म्हणून आभाळ आलं की जनावरं झाडाखालून सोडवायची. पण माणूस जीव धोक्यात घालून त्यांच्यामागे धावला, असं मात्र होऊ देऊ नका.

सूचना मिळतच नाहीत असं आता म्हणता येत नाही. हवामान खात्याचं नागपूरचं केंद्र विदर्भासाठी जिल्हावार इशारे देतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही निघतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ ॲप तुमच्या आसपास वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात वीज कुठे पडतेय ते दाखवतं. एक अडचण मात्र खरी आहे: नागपूरचं रडार वाशीमपासून हवाई अंतरानं सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. पृथ्वी गोल असल्यामुळे त्याचा किरण आपल्यापर्यंत येईस्तोवर जमिनीपासून काही किलोमीटर उंच गेलेला असतो, म्हणजे ढगाचा माथा दिसतो, पायथा दिसत नाही. पश्चिम विदर्भासाठी जवळचं रडार हवं ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे.

पण रडार आलं तरी शेवटची दोन किलोमीटर उरतातच, गावापासून शिवारापर्यंतची. इशारा फोनवर येतो, आणि फोन घरी चार्जिंगला असतो किंवा शिवारात रेंज नसते. हळद वेचणाऱ्या, कांद्याच्या प्लॉटमध्ये काम करणाऱ्या मजूर बायांपैकी कितीजणींच्या कमरेला तो फोन असतो? वावधन सुटलं की त्यांना आधी हळद झाकायला सांगितलं जातं. ताडपत्रीची चार टोकं धरून त्या वाऱ्यात उभ्या राहतात. मालकाला हळदीची काळजी असणं साहजिक आहे, पण ताडपत्री आधीच जवळ गुंडाळून, दोरीसकट ठेवली तर हे काम पाच मिनिटांचं आहे, आणि ते गडगडाट सुरू होण्याआधी झालं पाहिजे, नंतर नाही.

म्हणून मी भोंग्याचा आग्रह धरतो. ओक्लाहोमा शहरात वादळाचे भोंगे दर शनिवारी दुपारी वाजवून तपासतात, म्हणजे खऱ्या दिवशी कुणी ‘हा कसला आवाज’ म्हणत नाही. आपल्याकडे भोंगा कुठे नाही? ग्रामपंचायतीकडे आहे, मंदिरावर आहे, मशिदीवर आहे, विहारावर आहे. कर भरा, लसीकरण आहे, रेशन आलंय, हे सगळं त्याच्यावरून सांगितलं जातं. ‘वीज येतेय, वावरातून घरी या’ हे का नाही सांगायचं?

पिकाचं नुकसान मात्र भोंगा थांबवू शकत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारा पडल्या, ११ फेब्रुवारी २०१८ च्या रविवारी विदर्भ-मराठवाड्यात पडल्या आणि आपल्या रिसोड-मालेगाव पट्ट्यालाही त्यांनी झोडपलं. गार पट्ट्यात पडते, हा तिचा स्वभाव. एका बांधाकडचा हरभरा माती होतो, पलीकडचा हलतही नाही. पूर्वी अशा एकट्या शेताच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत देऊन पीक विम्याचा दावा करता यायचा. २०२५ मध्ये राज्यानं योजना बदलली आणि भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवर नेली. गारेसारख्या आपत्तीला सरासरी लावणं हे शेतकऱ्यावर अन्याय करणारं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मंडळातल्या वीस गावांत पीक चांगलं आलं म्हणून एकविसाव्या गावातल्या उद्ध्वस्त माणसाला काही मिळू नये, हे कुठलं गणित? मग उरतो तो पंचनामा. ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये ठरले होते. कांद्याच्या बियाण्यावर झालेल्या खर्चापुढे ही रक्कम किती, ते शेतकऱ्यालाच विचारा. निदान ती तरी मिळावी म्हणून गार वितळायच्या आत ठिकाण आणि वेळ उमटणारे फोटो काढून ठेवा आणि तलाठी, कृषी सहायकांना त्याच दिवशी लेखी कळवा.

माझी विनंती सरपंचांना आणि ग्रामसेवकांना आहे. १ मेच्या ग्रामसभेची वाट पाहू नका, तोवर बहुतेक मोसम संपलेला असतो. याच महिन्याच्या मासिक सभेत तीन नावं ठरवा: इशारा आला की भोंगा कोण वाजवेल, तो गावात नसेल तर दुसरा कोण, आणि शाळेच्या पक्क्या खोल्यांची किल्ली कोणाकडे राहील. ती नावं फळ्यावर लिहा आणि येत्या शनिवारी भोंगा एकदा वाजवून बघा.