आवाजाची ऊब कानाला मानवते का?

डिजिटल आवाज थंड, टोचरा, म्हणून कानाला वाईट. टेपचा नाहीतर व्हॉल्व्हचा आवाज ऊबदार, म्हणून कानाला चांगला. घरच्या घरी संगणकावर गाणी तयार करणाऱ्या तरुणांमध्ये ही समजूत घट्ट आहे. त्यातला पहिला भाग थोडासा खरा आहे. ‘म्हणून’च्या पुढचा अजिबात नाही.

आधी ही ऊब म्हणजे काय ते पाहू. चुंबकीय टेपवर जोरकस आवाज नोंदवला की टेपची क्षमता संपत येते. लहरीचे शेंडे एकदम कापले न जाता गोलसर दबतात आणि मूळ स्वरासोबत नवे उपस्वर तयार होतात. टेपमध्ये मुख्यतः तिप्पट कंपनांचा, म्हणजे मूळ स्वर षड्ज धरला तर तार सप्तकातला पंचम. ट्रायोड व्हॉल्व्हमध्ये दुप्पट कंपनांचा, म्हणजे तार षड्ज ठळक असतो. तांत्रिक भाषेत ही विकृतीच. पण उपस्वर मूळ स्वराशी जुळतात, म्हणून ती गोड लागते. तानपुऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी जुळवतात, तीही उपस्वर फुलवण्यासाठीच. साधन वेगळे, ओढ तीच. (सर सी. व्ही. रामन यांनाही जवारीच्या या करामतीचे कुतूहल होते.)

डिजिटलमध्ये ‘आवाजाचे तुकडे होतात आणि मधला भाग हरवतो’ हे मात्र खरे नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले तर २२,०५० हर्ट्झखालचा आवाज त्यांतून पुन्हा जसाच्या तसा उभा करता येतो. पन्नाशीतल्या माझ्या कानांची धाव त्याच्या बरीच अलीकडे संपते! खोट दुसरीकडे आहे. १०,००० हर्ट्झच्या स्वराला संगणकात टेपसारखे दाबले की ३०,००० हर्ट्झचा उपस्वर निर्माण होतो. त्याला तिथे जागा नसते, म्हणून तो दुमडून १४,१०० हर्ट्झवर उतरतो. मूळ स्वराशी त्याचे काही नाते नसते आणि टोचतो तो हा. चांगली प्लगइन ही प्रक्रिया कितीतरी अधिक नमुने घेऊन करतात आणि वरचा भाग गाळून टाकतात. अशा प्लगइनची ऊब टेपपेक्षा कमअस्सल मानायला मला तरी कारण दिसत नाही.

गंमत म्हणजे आपला कानही विकृती निर्माण करतो. ठरावीक अंतराचे दोन स्वर एकदम ऐकवले की अंतर्कर्णातल्या बाह्य केशपेशी तिसराच स्वर तयार करतात आणि तो कानात ठेवलेल्या बारीक मायक्रोफोनने टिपता येतो. नवजात बाळांच्या श्रवणचाचणीची एक पद्धत यावरच चालते. या पेशी मेल्या की तो स्वर उमटत नाही, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

या पेशींना टेप कळत नाही, बिट कळत नाहीत. किती जोर आणि किती वेळ, एवढेच कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालेल. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ डेसिबलला उरतात ५ तास. हेडफोन लावून रात्रभर मिक्सिंग करणारा मुलगा एवढे तास एकाच बैठकीत संपवतो. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत अशी मुले कानात शिट्टी वाजते म्हणून येतात, आणि ‘पण सर, आवाज टोचत नव्हता’ हे आवर्जून सांगतात.

नेमका धोका तिथेच आहे. टोचत नाही म्हणून आवाज वाढवला जातो. शेंडे दबल्यामुळे आवाजाची सरासरी पातळीही चढवता येते. त्यात कमी आवाजात खर्ज आपल्याला क्षीण ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवले आहे. म्हणजे नुसता आवाज मोठा केला तरी गाणे भरीव वाटते आणि श्रेय मिळते महागड्या प्लगइनला.

यावर फुकटचा उपाय आहे. प्लगइन लावल्यावर आवाज आधीच्या पातळीवर आणून मगच तुलना करायची, आणि बहुतेक काम शेजारी बसलेल्याशी सहज बोलता येईल इतक्या आवाजात, स्पीकरवर करायचे. वाटलेली ऊब पुष्कळदा तेवढ्यानेच निघून जाते. जी उरते ती खुशाल गाण्यात ठेवावी.