जिन्यावर झपताल लिहा

गाणं, नाच, तबला, नाटक शिकवणारी संस्था जे चालवतात, तिथे शिकवतात किंवा आपली मुलं तिथे पाठवतात, त्या सगळ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. इमारतीतल्या पाट्यांचं काम उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका आणि फ्लेक्सवाल्याच्या गळ्यात घालून मोकळे होऊ नका. कुठून जायचं, कुठे वळायचं, आपला वर्ग कोणता हे सांगणाऱ्या पाट्या म्हणजे नव्या मुलाची संस्थेशी पहिली ओळख. कलाशाळेत ती ओळख रुक्ष असू नये. आणि पाटी कितीही खेळकर असली तरी तिच्यामुळे कुणाची वाट चुकू नये.

संगीताच्या किंवा नृत्याच्या परीक्षेच्या दिवशी एखाद्या केंद्रावर सकाळी जाऊन उभे राहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. प्रारंभिकला बसलेली लहान मुलं, विशारदला बसलेले थोरले, पेटी उचलून आणणारे वडील, घुंगरांची पिशवी सांभाळणारी आई, अशी सगळी गर्दी एकाच वेळी येते. फाटकावर सेलोटेपने चिकटवलेला कागद असतो, त्यावर स्केचपेनने ‘परीक्षा’ आणि पुढे एक बाण. त्या बाणाने आत गेलं की समोर दोन जिने दिसतात आणि कुठला धरायचा ते सांगणारं काहीच नसतं. मूल आधीच धास्तावलेलं असतं, त्यात वर्ग सापडत नाही. मग दाराशी बसलेला शिपाई एकच वाक्य सकाळभर शंभरदा म्हणतो, “कथक वर, डावीकडे.”

त्या शिपायाकडेच आधी जा. पाट्यांबद्दल आर्किटेक्टला, चित्रकाराला विचारण्याआधी शिपाईकाकांना एक वही द्या आणि लोक काय काय विचारतात ते महिनाभर लिहून ठेवायला सांगा. ‘ऑफिस कुठंय’, ‘चपला कुठे काढायच्या’, ‘तालमीचा हॉल हाच का’, ‘बाथरूम?’ हे प्रश्न जिथे उभं राहून विचारले जातात, नेमकी तिथेच पाटी लागते. बहुतेक इमारतींत ती चार पावलं पुढे किंवा दाराच्या मागे लावलेली असते आणि दार उघडलं की झाकली जाते.

आता खेळकरपणाचं. पुष्कळांना वाटतं की तो शोभेसाठी असतो, पैसे उरले तर बघू. माझं मत वेगळं आहे: खेळकर पाटी लक्षात राहते म्हणून ती हवी. केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकारांनी १९६० साली ‘द इमेज ऑफ द सिटी’ हे पुस्तक लिहिलं. माणसं शहर डोक्यात कसं साठवतात, याचा तो अभ्यास होता. रस्ते, कडा, वस्त्या, चौक आणि ठळक खुणा यांच्या आधारे आपण शहर ओळखतो, असं त्यांनी मांडलं. इमारतीतही हेच होतं. ‘खोली क्रमांक एकशे सात’ मुलाच्या डोक्यातून संध्याकाळपर्यंत जातं. ‘भिंतभर तंबोरा रंगवलाय ना, त्याच्या शेजारचा वर्ग’ हे मात्र पुढच्या वर्षीही आठवतं. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा डिझायनर लान्स वायमन यांनी प्रत्येक स्टेशनला स्वतःचं चित्रचिन्ह दिलं. नाव वाचता न येणाऱ्यालाही आपलं स्टेशन कळावं, हा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे बालवर्गातली मुलं अक्षरओळख होण्याआधीच नाचाच्या वर्गाला येतात. त्यांच्यासाठी दारावरचा मोर हीच पाटी.

अमेरिकेत नेवार्क इथे न्यू जर्सी परफॉर्मिंग आर्ट्स सेंटरची कलाशिक्षणाची शाळा आहे. जुन्या, चारचौघींसारख्या इमारतीत ती सुरू करायची होती आणि हाताशी पैसा बेताचा होता. डिझायनर पॉला शेर यांनी २००१ च्या सुमारास त्या इमारतीवर बाहेरून प्रचंड अक्षरं रंगवून घेतली. संगीत, नृत्य, नाट्य, काव्य असे इंग्रजी शब्द भिंतीभर उभे, आडवे, कोपऱ्याला वळसा घालत गेले. नवं बांधकाम करून जे साधलं नसतं ते मुख्यतः रंगाने साधलं. इथे काय चालतं हे रस्त्याच्या पलीकडून कळू लागलं.

आपल्या जवळचं उदाहरण पणजीचं. चार्ल्स कोरिया यांनी उभारलेल्या कला अकादमीच्या वास्तूत संगीताचे, नाटकाचे वर्ग आहेत आणि मोठं नाट्यगृहही आहे. त्या नाट्यगृहाच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांच्या चित्रांतून जुन्या थिएटरातल्या बाल्कन्या आणि त्यांत बसलेले गोंयकार प्रेक्षक अवतरले. रिकाम्या सभागृहात शिरलं तरी कुणीतरी आधीच येऊन बसल्यासारखं वाटतं. ही दिशादर्शक पाटी नाही, हे मला मान्य आहे. पण भिंत गंमत करू शकते आणि त्या गमतीने वास्तूचा आब जात नाही, याचा यापेक्षा चांगला दाखला माझ्याकडे नाही.

आपल्या कलांमध्येच पाट्यांचं इतकं साहित्य आहे की बाहेरून काही उसनं आणायची गरज नाही. जिन्याचंच बघा. आधी पायऱ्या मोजा. एका टप्प्यात दहा असतील तर झपताल, सात असतील तर रूपक, दोन टप्पे मिळून सोळा असतील तर तीनताल. झपताल असेल तर प्रत्येक पायरीच्या उभ्या बाजूवर एकेक बोल येतो: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन-तीन-दोन-तीन असे विभाग रंगाच्या छटेने वेगळे करा. सहावी पायरी खालीची, ती फिकी ठेवा. दहावी पायरी ओलांडून मूल जिन्याच्या चौकात पाऊल ठेवतं तेव्हा पुन्हा सम येते. वळायचं की आणखी चढायचं हे ठरवायची जागा नेमकी तीच, म्हणून मोठा बाण त्या भिंतीवर असावा. मुलं आपोआप टाळी देत चढतात, आणि ‘समेवर डावीकडे वळ’ एवढं सांगितलं की त्यांना पुरतं. दोन गोष्टींची काळजी घ्या. पाय पडतो त्या आडव्या बाजूवर ऑइल पेंट लावू नका, पाय घसरतो. आणि उतरताना पायरीची उभी बाजू दिसत नाही, तेव्हा उतरणाऱ्यांसाठीची खूण शेजारच्या भिंतीवर वेगळी करा.

तीन मजली इमारत असेल तर तळमजला मंद्र, पहिला मध्य, दुसरा तार. जिन्यालगतच्या पहिल्या खोलीला सा म्हणा आणि तिथून पुढे क्रमाने चला. ‘तार सप्तकातला गंधार’ म्हटलं की दुसऱ्या मजल्यावरची तिसरी खोली. मात्र शेजारी आकडा असलाच पाहिजे. लाइट दुरुस्त करायला आलेल्या माणसाने सरगम का शिकावी?

बाणांसाठी नृत्याच्या बाईंचा हात घ्या. सूची हस्तात तर्जनी सरळ पुढे येते. बाईंना भिंतीशी उभं करून त्या हाताची सावली टॉर्चने भिंतीवर पाडा आणि पेन्सिलीने गिरवून घ्या. बाजारातल्या तयार बाणापेक्षा तो हात हजारपट सुंदर दिसेल आणि कुठल्याही परक्या माणसाला कळेल. ‘थांबा, आत तालीम चालू आहे’ यासाठी उघड्या तळव्याचा पताक हस्त चालेल. पण मृगशीर्ष आणि कटकामुख दिशा दाखवायला वापरू नका. ते नृत्य शिकलेल्यालाच कळतात.

मला सगळ्यात आवडते ती शिरोरेघेची युक्ती. देवनागरीची ही रेघ रोमन लिपीकडे नाही. प्रवेशदाराशी ‘नृत्य’ हा शब्द हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवा आणि त्याची शिरोरेघ तिथे न थांबवता भिंतीवरून पुढे न्या. कॉरिडॉर वळेल तिथे वळवा, खांबावरून न्या आणि नृत्याच्या वर्गाच्या दारावर तिचं टोक बाणासारखं करून संपवा. गायनाची रेघ दुसऱ्या रंगाची, नाटकाची तिसऱ्या. लाल आणि हिरवा शेजारी ठेवू नका, काही मुलांना त्यांतला फरक दिसत नाही. रेघांची जाडीही वेगवेगळी ठेवा, म्हणजे सगळा भार रंगावर पडणार नाही.

अक्षरांच्या बाबतीत आपण फार हयगय करतो. ज्या भाषेत कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी एकेका शीर्षकाला स्वतःचा चेहरा असलेली अक्षरं काढली, त्या भाषेतल्या नाट्यशाळेवर संगणकात आधीपासून असलेला, ताणून रुंद केलेला फॉन्ट बघवत नाही. हाताने लिहिणारा चांगला पेंटर मिळाला तर त्यालाच बोलवा. तो नसेल तर एक टाइप या मुंबईच्या गटाने केलेले ‘मोदक’, ‘बालू’, ‘मुक्ता’ हे फॉन्ट फुकट मिळतात. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला ‘यात्रा वन’ही तसाच मिळतो. गुबगुबीत ‘मोदक’ बालवर्गाच्या दारावर शोभतो, पण दिशा सांगणाऱ्या ओळीसाठी ‘मुक्ता’सारखं साधं अक्षर घ्या. इंग्रजीच्या सवयीने अक्षरांमध्ये फट पाडू नका, शिरोरेघ तुटते. ओळींमध्ये मोकळी जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. दहा फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर निदान एक इंच उंच हवं, असा पाट्यांच्या धंद्यातला हिशेब आहे. देवनागरीत तो इंच मात्रा-उकार सोडून मोजा. आणि रंग चढण्याआधी मराठीच्या शिक्षकांकडून शुद्धलेखन तपासून घ्या. शाळेच्या भिंतीवर ‘विद्यार्थीनी’ असं दीर्घ लिहिलेलं वर्षानुवर्षं राहतं.

काही ठिकाणी खेळ पूर्ण वर्ज्य समजा. स्वच्छतागृहाच्या दारावर कोड्यात टाकणारे मुखवटे नकोत, घाईतला माणूस नवरस ओळखत बसत नाही. आग लागली तर बाहेर पडण्याची वाट दाखवणारा हिरव्या पाटीवरचा धावता माणूस जपानच्या युकिओ ओटा यांनी सत्तरच्या दशकात घडवला आणि तो पुढे जगभर रूढ झाला. त्याला फेटा बांधू नका, घुंगरू घालू नका, त्याच्याशेजारी दुसरं चित्र काढू नका. प्रथमोपचार, लिफ्ट, विजेचा मेन स्विच यांनाही तोच नियम.

अंध विद्यार्थ्यांना विसरू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार लोकांच्या वापरातल्या इमारती त्यांना सुगम असणं बंधनकारक आहे. पण कायद्याचं सोडा, गायन-वादनाच्या वर्गांत अंध मुलं किती मन लावून शिकतात हे आपण बघतोच. उठावाची अक्षरं आणि ब्रेल दाराच्या फळीवर लावू नका, कडीच्या बाजूच्या भिंतीवर हाताला लागेल अशा उंचीवर लावा. नाहीतर ब्रेल वाचत असताना आतून कुणी दार उघडलं तर मुलाला लागेल.

कलाशाळेतल्या खोल्या दर तासाला बदलतात. सकाळी तबला, दुपारी कथक, रात्री एकांकिकेची तालीम. म्हणून प्रत्येक दाराशेजारी फळ्याच्या काळ्या रंगाचा हातभर पट्टा मारून घ्या आणि वर कायमचं लिहा: ‘आत्ता इथे’. खाली खडूने ज्याची तालीम त्याने लिहावं. ही साधी सोय असली की चालू तालमीत डोकं घालून ‘सॉरी, सॉरी’ म्हणणारे निम्मे तरी कमी होतील.

रंगाचा डबा उघडण्याआधी सगळं कागदावर करून बघा. जुन्या वर्तमानपत्रांच्या पानांवर खऱ्या मापाची अक्षरं आणि हात रंगवा, कागदी टेपने भिंतीवर लावा आणि थोडे दिवस राहू द्या. मग इमारत कधीच न पाहिलेल्या एखाद्या आजोबांना आणि एखाद्या लहान मुलीला फाटकापासून एकटं चालायला सांगा. तुम्ही मागे गप्प राहून फक्त बघा, मदत करू नका. जिथे ती दोघं थांबतात, मान वळवतात, मागे फिरतात तिथला कागद सरकवा. मुलांना रंगकामात जरूर घ्या, पण बाण आणि आकडे पेंटरकडून करून घ्या.

मे महिन्याच्या सुट्टीत इमारत रिकामी असते, तेव्हा हे काम उरकतं. प्रत्येक रंगाचा शेड नंबर, अक्षरांची मापं आणि सूची हस्ताचं मूळ रेखाटन एका फायलीत घालून कार्यालयात ठेवा. जिन्याच्या पायऱ्यांना सगळ्यात आधी डाग पडतात, पाचव्या-सहाव्या पायरीवर बुटांची टोकं लागून रंग उडतो. दर सुट्टीत तेवढे बोल पुन्हा रंगवायचे आणि त्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवायची.